वकिलीची पुण्याई न्यायासनापर्यंत नेते का?

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका ४७ वर्षांच्या असून गेली २२ वर्षे मानवी हक्कांच्या क्षेत्रात वकिली करतात. कोठडीतील मृत्यू, बेपत्ता केलेली माणसे आणि छळाच्या तक्रारी ही त्यांची मुख्य प्रकरणे. त्यांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयात अनेकदा युक्तिवाद केला आहे, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपुढे दोन तक्रारी नेल्या आहेत, आणि सध्या त्या एका स्वयंसेवी संस्थेच्या विधी विभागाच्या प्रमुख आहेत. न्यायाधीश म्हणून त्यांनी कधीही काम केलेले नाही. त्यांच्या देशाने रोम संविधी, म्हणजे हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा स्थापना-करार, स्वीकारलेली आहे आणि त्या न्यायालयाचे न्यायाधीशपद मिळावे अशी त्यांची इच्छा आहे. त्या विचारतात: माझी पात्रता पुरेशी आहे का, की आधी डॉक्टरेट करावी? संस्थेचा राजीनामा देऊन आणि समाजमाध्यमांवरची जुनी विधाने काढून टाकून ‘तटस्थ’ व्हावे का? ज्या सरकारला आयुष्यभर कोर्टात खेचले, त्याच्याच दारात नामनिर्देशनासाठी जायचे का? पत्राच्या अखेरीस त्या लिहितात, ‘एवढी वर्षे पीडितांच्या बाजूने उभी राहिले, न्यायासनावर बसून तेच काम अधिक अधिकाराने करता येईल.’ (ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

सोपा प्रश्न आधी हातावेगळा करू. कागदावर तुम्ही पात्र ठरण्याची शक्यता बरीच आहे, आणि न्यायाधीशपदाचा अनुभव नसणे तुम्हाला वाटते तितके आडवे येणारे नाही. रोम संविधीच्या कलम ३६ मधील पहिली अट अशी की उमेदवार उच्च नैतिक चारित्र्याचा, निःपक्षपाती आणि सचोटीचा असावा, आणि स्वतःच्या देशात सर्वोच्च न्यायिक पदावर नेमणूक होण्यासाठी जी अर्हता लागते ती त्याच्याकडे असावी. त्याने तसे पद भूषवलेले असावे, असे त्यात म्हटलेले नाही. म्हणून तुम्ही सर्वांत आधी रोम संविधी न उघडता तुमच्या देशाची राज्यघटना उघडावी. ठरावीक वर्षे वकिली केलेल्या व्यक्तीला तेथे सर्वोच्च न्यायालयावर नेमता येत असेल, तर ही अट तुम्ही ओलांडली. काही देशांत मात्र न्यायाधीशाची वाट तरुणपणीच वकिलीपासून वेगळी होते आणि वकिलाला वरच्या न्यायालयात थेट प्रवेश मिळत नाही. तसे असेल तर गाडी तेथेच अडते, आणि हे आज कळलेले बरे.

दुसरी अट दोन वाटांची आहे, आणि उमेदवार दोनपैकी एका यादीत येतो. ‘अ’ यादीसाठी फौजदारी कायदा व कार्यपद्धती यांतील सिद्ध प्रावीण्य आणि फौजदारी खटल्यांचा अनुभव लागतो, मग तो न्यायाधीश, सरकारी वकील, बचावाचा वकील किंवा तत्सम कोणत्याही नात्याने मिळवलेला असो. ‘ब’ यादीसाठी आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायदा, मानवी हक्कांचा कायदा अशा शाखांतील प्रावीण्य आणि या न्यायालयाच्या कामाला उपयोगी पडेल असा विधी व्यवसायातील दीर्घ अनुभव लागतो. न्यायाधीश एकूण १८ असतात. पहिल्या निवडणुकीत ‘अ’ यादीतून किमान ९ आणि ‘ब’ यादीतून किमान ५ निवडावेत असे संविधीने ठरवले, आणि तोच तोल पुढेही राखला जातो. शिवाय इंग्रजी किंवा फ्रेंच यांपैकी एका भाषेवर उत्तम प्रभुत्व हवे. दोन्ही याद्यांची पात्रता असणाऱ्याने आपली यादी स्वतः निवडायची असते.

तुम्ही मात्र विचार न करताच स्वतःला ‘ब’ यादीत टाकून मोकळ्या झाला आहात. मानवी हक्कांचे वकील हटकून असे करतात, कारण त्या यादीच्या वर्णनात आपल्या क्षेत्राचे नाव दिसते. तुमची २२ वर्षे जरा वेगळ्या चाळणीतून चाळून पाहा. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांची उलटतपासणी तुम्ही स्वतः घेतली आहे का? ठाण्याच्या नोंदवहीतील वेळा आणि रुग्णालयाच्या कागदावरील वेळा साक्षीदाराच्या पिंजऱ्यासमोर उभे राहून जुळवल्या आहेत का? साक्षीदार फितूर होताना पाहिले आहेत का? उत्तर होकारार्थी असेल तर तुमच्याकडे ‘अ’ यादीचा मालमसाला आहे. उलट तुमची बहुतेक प्रकरणे प्रतिज्ञापत्रांवर आणि लेखी अर्जांवर चालली असतील, तर खटल्याच्या अनुभवाची बाजू लंगडी आहे हे मान्य करावे लागेल. हेगमध्ये बसलेला न्यायाधीश वर्षानुवर्षे साक्षी ऐकतो, हजारो कागदपत्रे पुराव्यात घ्यायची की नाही हे ठरवतो, संरक्षणाखालील साक्षीदाराची ओळख कोणापासून लपवायची याचे दररोज आदेश देतो. तत्त्वचर्चेला त्या दिवसात फार थोडी जागा असते.

डॉक्टरेट करू नका. या न्यायालयाच्या अटींत ती नाही, आणि त्यात जाणारी चार-पाच वर्षे फ्रेंच शिकण्यात व सत्र खटल्यांत घालवलीत तर अधिक कामी येतील.

आता तुमच्या त्या अखेरच्या वाक्याकडे येते, कारण मला खरे उत्तर त्यालाच द्यायचे आहे. ‘तेच काम अधिक अधिकाराने’ असे तुम्ही लिहिता. न्यायाधीशपद म्हणजे वकिलीची वरची पायरी, हे त्यामागचे गृहीतक. ते मला पटत नाही, आणि हे मी अनुभवाने सांगते. मी स्वतः वकिलीतून न्यायासनावर गेले. टिपणवहीच्या समासात उलटतपासणीचे प्रश्न लिहिण्याची माझी जुनी सवय होती. साक्षीदार बोलू लागला की हात आपोआप चाले. बसून दोनेक महिने झाले असतील. एका संध्याकाळी निकाल लिहिण्यासाठी वही चाळत होते, तेव्हा दिसले की समासातील सगळे प्रश्न एकाच पक्षाच्या साक्षीदारांसाठी होते. दुसऱ्या पक्षाच्या साक्षी मी स्वच्छ अक्षरात, एकही प्रश्न न टाकता उतरवून घेतल्या होत्या. मी कोणावरही अन्याय करायला निघाले नव्हते, पण मी अर्धाच खटला ऐकला होता. ते सगळे पुरावे मला पहिल्यापासून पुन्हा वाचावे लागले.

तुमच्याच पत्रातील एक प्रकरण घ्या. तुम्ही लिहिले आहे: ‘पोलिसांनी त्या मुलाला रात्रभर मारले, पहाटे तो गेला, आणि नोंदवहीत सुटकेची खोटी नोंद केली.’ वकिलाचे वाक्य म्हणून ते बिनतोड आहे. न्यायाधीशाला ते असे फोडावे लागते: मुलाला रात्री ठाण्यात आणले याविषयी वाद नाही. नोंदवहीत पहाटेच्या सुटकेची नोंद आहे. तिची शाई मागच्या-पुढच्या नोंदींहून वेगळी आहे. जखमा त्या वेळेच्या आधीच्या की नंतरच्या, हे डॉक्टर ठामपणे सांगू शकलेले नाहीत. आरोपी क्रमांक दोन त्या रात्री ठाण्यात हजर होता याला एकाच साक्षीदाराचा आधार आहे आणि त्याने आपला जबाब एकदा बदललेला आहे. आता सांगा, आरोपी क्रमांक दोनला तुम्ही दोषी धराल का? लगेच उत्तर देऊ नका. उत्तर शोधताना मनात पहिला चेहरा त्या मुलाच्या आईचा आला असेल, तर एवढे ध्यानात घ्या की न्यायालयात आरोपी क्रमांक दोनही बसलेला आहे, आणि त्याच्याकडे पाहणे हेही तुमचेच काम आहे.

हा फरक केवळ वृत्तीचा नाही, कायद्याचाही आहे. मानवी हक्क न्यायालयात प्रतिवादी राज्य असते. आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने १९८८ मध्ये वेलास्केस रोद्रिगेस प्रकरणात, माणूस बेपत्ता करण्याच्या गुन्ह्यात पुरावाच नष्ट केला जातो हे ओळखून परिस्थितिजन्य पुरावा ग्राह्य धरला. जो पुरावा राज्याच्या सहकार्याशिवाय मिळूच शकत नाही, तो तक्रारदाराने आणला नाही असा बचाव राज्याला घेता येणार नाही, असेही म्हटले. तुमची निम्मी वकिली या तत्त्वावर उभी असेल. युरोपीय मानवी हक्क न्यायालय तर १९७८ पासून आपल्या कराराला जिवंत दस्तऐवज मानून काळाबरोबर त्याचा अर्थ विस्तारत आले आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात मात्र समोर एक हाडामांसाचा माणूस असतो. रोम संविधीच्या कलम २२ नुसार गुन्ह्याच्या व्याख्येचा अर्थ काटेकोरपणे लावायचा, साधर्म्याने ताणायचा नाही, आणि संदिग्धता असल्यास आरोपीच्या बाजूने कौल द्यायचा. कलम ६६ नुसार दोष वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याचा भार पूर्णतः अभियोग पक्षावर असतो. ज्या विस्तारक वाचनाने तुम्ही वकील म्हणून नाव कमावले, तीच सवय येथे दोष ठरू शकते. अर्थात त्याच संविधीच्या कलम २१ मध्ये, कायद्याचा अर्थ लावताना तो मान्यताप्राप्त मानवी हक्कांशी सुसंगत असावा असेही सांगितले आहे. ते हक्क आरोपीचेही असतात. आरोपीच्या न्याय्य सुनावणीच्या हक्कासाठी तुम्ही कधी लढला असाल, तर ते काम तुमच्या परिचयपत्रात आज कुठे तळाशी पडले आहे ते शोधा आणि वर आणा.

काँगोचे नेते ज्यां-पिएर बेम्बा यांना याच न्यायालयाने २०१६ मध्ये दोषी ठरवून १८ वर्षांची शिक्षा दिली. ८ जून २०१८ रोजी अपील पीठाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी त्यांना निर्दोष मुक्त केले. त्या खटल्यात पाच हजारांहून अधिक पीडितांनी सहभाग घेतला होता. तो निकाल बरोबर की चूक यावर जाणकारांत आजही वाद आहे आणि तो मला येथे सोडवायचा नाही. मी फक्त विचारते: पुरावा अपुरा आहे अशी तुमची खात्री झाली असती, तर त्या पाच हजार माणसांच्या देखत तुम्ही मुक्ततेच्या आदेशावर सही केली असती का? ‘हो’ म्हणायला तुम्हाला किती वेळ लागतो ते तुमचे तुम्हीच पाहा. वेळ लागला म्हणून तुम्ही अपात्र ठरत नाही. अजिबात लागला नाही, तर मात्र मला थोडी काळजी वाटेल.

पुढचा प्रश्न तटस्थ होण्याचा. जुनी विधाने पुसून टाकण्याचा विचार सोडून द्या. तुमच्या पदाला विरोध करणाऱ्यांकडे त्यांच्या प्रती असतीलच, आणि पुसलेले विधान मूळ विधानापेक्षा अधिक संशयास्पद दिसते. मत असणे आणि पूर्वग्रह असणे यांत न्यायालयांनी भेद केलेला आहे, तो समजून घ्या. माजी युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणात फुरुंद्झिया खटल्यात न्यायाधीश फ्लॉरेन्स मुंबा यांच्यावर आक्षेप आला. त्या पूर्वी संयुक्त राष्ट्रांच्या महिलांच्या स्थितीविषयक आयोगावर होत्या, आणि खटल्यात बलात्काराचा मुद्दा होता. अपील पीठाने २००० मध्ये आक्षेप फेटाळला. आयोगाच्या उद्दिष्टांशी त्या सहमत होत्या असे धरले, तरी विशिष्ट खटल्यात ती उद्दिष्टे तडीस नेण्याचा कल असणे ही निराळी गोष्ट आहे, असे पीठाने सांगितले. ज्या अनुभवामुळे माणूस पदाला पात्र ठरतो त्याच अनुभवावरून त्याला पक्षपाती ठरवणे विपरीत होईल, असाही त्या निकालाचा रोख होता. तुमच्यासाठी हा मोठा दिलासा आहे.

पण लगेच दुसरे उदाहरणही वाचा. सिएरा लिओनच्या विशेष न्यायालयात जेफ्री रॉबर्टसन हे नामांकित मानवी हक्क वकील न्यायाधीश होते. नेमणुकीपूर्वी लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी तेथील एका बंडखोर संघटनेच्या अत्याचारांविषयी ठाम निष्कर्ष काढणारी भाषा वापरली होती, आणि त्याच संघटनेचे लोक पुढे आरोपी म्हणून त्या न्यायालयासमोर उभे राहिले. २००४ मध्ये अपील पीठाने निर्णय दिला की त्या संघटनेच्या आरोपींच्या प्रकरणांत रॉबर्टसन यांनी बसू नये. दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली की रेषा दिसते. ‘छळ हा गुन्हा आहे’ असे तुम्ही हजार वेळा म्हटले असेल तरी हरकत नाही. ‘अमुक सेनापतीने छळ केला’ असे एकदा म्हटले असेल, तर तो सेनापती समोर आल्यावर तुम्हाला उठावे लागेल. या न्यायालयाच्या कार्यपद्धतीच्या नियम ३४ मध्ये प्रसारमाध्यमांतून, लिखाणातून किंवा जाहीर कृतीतून व्यक्त केलेली मते हे सुनावणीतून दूर होण्याचे एक कारण म्हणून स्पष्ट नोंदलेले आहे.

तेव्हा पुसण्याऐवजी नोंद करा. एक साधी वही घ्या आणि गेल्या २२ वर्षांतील प्रत्येक प्रकरण, जाहीर निवेदन, लेख, मुलाखत आणि सही केलेले पत्रक तिच्यात उतरवा. कोणत्या देशातील परिस्थिती, कोणत्या व्यक्तींची नावे, तुमची भूमिका काय, हे प्रत्येकासमोर लिहा. पंधरवडा मोडेल, पण मुलाखतीत कोणी एखादे जुने वाक्य समोर टाकले तर तुम्ही गांगरणार नाही, आणि कोणत्या प्रकरणांतून स्वतःहून दूर व्हायचे हे तुम्हाला आधीच ठाऊक असेल. चिलीचे माजी हुकूमशहा पिनोशे यांच्या ब्रिटनमधील प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सला, म्हणजे तेव्हाच्या तेथील सर्वोच्च न्यायपीठाला, स्वतःचाच निर्णय डिसेंबर १९९८ मध्ये रद्द करावा लागला, तो पीठातील न्यायाधीश लॉर्ड हॉफमन यांचा ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेशी संलग्न धर्मादाय संस्थेशी असलेला संबंध आधी उघड न झाल्यामुळे. ॲम्नेस्टीला त्या खटल्यात बाजू मांडण्याची परवानगी मिळालेली होती. हॉफमन यांच्या मनात प्रत्यक्ष पक्षपात होता, असा आरोप तेव्हाही कोणी केला नव्हता.

संस्थेचा राजीनामा आज देण्याचे कारण नाही. निवडून आल्यावर पद पूर्णवेळाचे असते आणि दुसरा व्यवसाय करता येत नाही, तेव्हा तो द्यावाच लागेल. मात्र तुमची संस्था हेगच्या अभियोक्त्याकडे माहिती पाठवत असेल किंवा एखाद्या खटल्यात न्यायालयाला मदतनीस म्हणून म्हणणे मांडत असेल, तर त्या फाइलींपासून आजच दूर व्हा आणि तसे लेखी नोंदवून ठेवा.

सरकारच्या दारात जाण्याचा प्रश्न तुम्ही लाजत विचारला आहे, पण तोच सर्वांत कठीण आहे. या पदासाठी वैयक्तिक अर्ज करता येत नाही. एका निवडणुकीत प्रत्येक सदस्य राष्ट्र एकच उमेदवार देऊ शकते. ते नाव देशातील सर्वोच्च न्यायिक पदाच्या नेमणुकीच्या पद्धतीने ठरते, किंवा देशादेशांतील वाद सोडवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयासाठी वापरल्या जाणाऱ्या पद्धतीने, म्हणजे स्थायी लवाद न्यायालयावर त्या देशाने नेमलेल्या विधिज्ञांच्या राष्ट्रीय गटाकडून. उमेदवार नाव देणाऱ्या देशाचाच नागरिक असावा अशी सक्ती नाही. तो कोणत्या तरी सदस्य राष्ट्राचा नागरिक असला की पुरते. ज्यांच्या देशाने रोम संविधी स्वीकारलेलीच नाही, त्या वाचकांना हे दार मुळात बंद आहे. नामनिर्देशनानंतर नऊ सदस्यांची सल्लागार समिती उमेदवारांच्या मुलाखती घेते आणि आपले मूल्यमापन जाहीर करते. मग सदस्य राष्ट्रे गुप्त मतदान करतात आणि उपस्थित व मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश मते मिळावी लागतात. कायदाप्रणाली, भौगोलिक विभाग आणि स्त्री-पुरुष यांचा तोल राखायचा असल्याने, एखाद्या वर्षी तुमच्या विभागाची जागाच मोकळी नसू शकते. दर तीन वर्षांनी सहा जागा भरल्या जातात, मुदत नऊ वर्षांची असते आणि साधारणपणे दुसरी संधी मिळत नाही. प्रचार तुमचे राजदूत करतात, आणि ‘तुम्ही आमच्या उमेदवाराला मत द्या, आम्ही तुमच्या’ असे सौदे होतात. हे गोड मानून घ्या असे मी म्हणणार नाही. मला ते कधीच रुचलेले नाही.

तरीही तुमच्या प्रश्नातील एक गृहीतक तपासण्यासारखे आहे. ‘सरकार’ म्हणून तुम्ही ज्याच्याकडे पाहता तो कोर्टातला प्रतिवादी आहे. नामनिर्देशन मात्र राज्याच्या वतीने होते, आणि राज्यात तुमचे सर्वोच्च न्यायालय, वकील परिषद आणि विधी विद्यापीठेही येतात. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीच्या कलम ६ मध्ये, राष्ट्रीय गटाने नावे ठरवण्यापूर्वी आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा आणि विधी शिक्षणसंस्थांचा सल्ला घ्यावा अशी शिफारस आहे. म्हणून मंत्र्याला भेटण्याआधी परराष्ट्र आणि विधी मंत्रालयांना एक साधे पत्र लिहा: या पदासाठी नावे कशी मागवली जातात, निकष कोणते, निवड कोण करते? उत्तर आले तर वाट कळेल. नाही आले, तर खुल्या निवडप्रक्रियेची मागणी करण्यासारखा एक विषय हाती येईल, आणि तो लढा तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असलेल्यांच्या कामी येईल. नामनिर्देशन मागण्यात मिंधेपणा नाही. मिंधेपणा आश्वासन देण्यात आहे. आपल्या देशाशी संबंधित प्रकरण तेथे आले तर तुम्ही काय कराल, असे कोणी चहाच्या कपावर सहज म्हणून विचारले, तरी खुर्चीवरून उठावे.

नवी पिल्ले यांचे उदाहरण तुमचे सहकारी तुम्हाला देत असतीलच. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळात त्यांनी राजकीय कैद्यांची वकिली केली. रॉबेन बेटावरील कैद्यांना वकील मिळण्याचा हक्क त्यांनी १९७३ मध्ये मिळवून दिला. १९९५ मध्ये त्या आपल्या देशातील उच्च न्यायालयात हंगामी न्यायाधीश झाल्या आणि त्याच वर्षी रवांडासाठीच्या न्यायाधिकरणावर निवडल्या गेल्या. १९९८ च्या अकायेसू निकालात बलात्कार हे वंशसंहाराचे साधन असू शकते असे ठरवणाऱ्या पीठावर त्या होत्या, आणि २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या पहिल्या न्यायाधीशांत त्यांची निवड झाली. उदाहरण स्फूर्तिदायक आहे, यात शंका नाही. पण त्यातील तारखा नीट पाहा. ज्या राजवटीशी त्या लढल्या तिने त्यांना पुढे केले नाही. १९९४ मध्ये ती राजवट गेली, आणि त्यानंतर दार उघडले. पात्रता त्यांच्याकडे आधीपासून होती. तुमच्या देशातील राजकीय हवामान तुमच्या हातात नाही, म्हणून आपल्या आयुष्याची सगळी आखणी एकाच निवडणुकीवर टांगू नका.

हेगचे हेच न्यायालय का, असेही मला तुम्हाला विचारायचे आहे. तुमचा पिंड राज्याच्या जबाबदारीचा शोध घेणाऱ्या वकिलाचा आहे. तुमचा देश एखाद्या प्रादेशिक मानवी हक्क न्यायालयाच्या कक्षेत येत असेल, तर ते तुमच्या अनुभवाला अधिक जवळचे आहे. आंतर-अमेरिकी आणि आफ्रिकी न्यायालयांच्या अटींत मानवी हक्कांतील मान्यताप्राप्त पात्रतेचा थेट उल्लेख आहे. दोन्हीकडे सहा वर्षांची मुदत असते आणि एकदा फेरनिवड होऊ शकते. युरोपीय न्यायालयासाठी देश तीन नावे देतो, संसदीय सभा त्यांतून एक निवडते, आणि उमेदवाराचे वय ६५ पेक्षा कमी असावे लागते. मानवी हक्क समितीचे सदस्यत्व हीसुद्धा हलकी गोष्ट नव्हे. रोझलिन हिगिन्स आणि थॉमस ब्युर्गेनथाल हे दोघेही त्या समितीवर काम करून पुढे आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकाच्या, म्हणजे मानवी हक्कांच्या एखाद्या विषयावर अहवाल देणाऱ्या स्वतंत्र तज्ज्ञाच्या, पदासाठी तर स्वतः अर्ज करता येतो, सरकारचे नामनिर्देशन लागत नाही. कोसोव्होसाठीच्या हेगमधील विशेष न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या यादीसाठीही खुले अर्ज मागवून स्वतंत्र निवड मंडळाने छाननी केली होती.

तुमच्या वयाला हातात वेळ आहे. येत्या तीन-चार वर्षांत, कितीही लहान असो, निवाडा करण्याचे काम मिळवा: लवादाचे, एखाद्या चौकशी आयोगाचे, वकील परिषदेच्या शिस्तभंग समितीचे, हंगामी न्यायाधीशाचे. दोन्ही बाजू ऐकून कारणे देणारे, तुमच्या सहीचे दहा-बारा लेखी निर्णय जमा झाले, तर सल्लागार समितीपुढे ते तुमच्या शंभर भाषणांहून अधिक बोलतील. तोवर स्वतःसाठी एक काम करा. तुम्ही जिंकलेले एक जुने प्रकरण काढा आणि तुमच्या विरुद्ध जाणारे निकालपत्र लिहून पाहा. त्यातली वस्तुस्थिती अशा शब्दांत मांडा की तुमच्या विरोधी वकिलाला एकही शब्द बदलावासा वाटू नये.

आणि त्या वकिलाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. शिफारसपत्रांसाठी तुम्ही तीन नावे कळवली आहेत. तिन्ही तुमच्याच चळवळीतील आहेत. त्यांतले एक काढा, आणि गेली वीस वर्षे तुमच्या समोर उभे राहून सरकारची बाजू मांडणाऱ्या एखाद्या ज्येष्ठ वकिलाला विचारा की ते तुमच्यासाठी दोन ओळी लिहितील का.